नदीकडची मोकळी बाजू

घोडनदीच्या काठी, कळंबच्या थोडं वरच्या अंगाला जे गाव आहे, तिथला दशक्रियेचा घाट संपतच्या प्राचीनं बांधला. काम हातात घेण्याआधी तिनं गावाला एकच प्रश्न विचारला होता, "कावळा कुठल्या बाजूनं येतो?" गाव हसलं. संपतची पोरगी पाच वर्षं पुण्यात राहून आर्किटेक्ट होऊन आली, आणि विचारते काय, तर कावळा! एकदोघांनी संपतला चावडीपाशी गाठून, पोरीला कुणाची नजरबिजर लागली का ते बघ, असंही सुचवलं.

पण प्रश्न खुळा नव्हता. आपल्या मुलखात दशक्रिया म्हणजे घरच्या चार माणसांचं काम नव्हे. दहाव्या दिवशी नदीवर पंचक्रोशी लोटते. सोयरेधायरे, भावकी, सोसायटीचे संचालक, आणि मेलेल्यानं उभ्या जन्मात ज्याला एकदाच रामराम घातला असेल तोसुद्धा. आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. मग पिंड ठेवतात आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडं वळतात. कावळा शिवला की सुटलो. नाही शिवला, तर मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं, आणि घरच्यांनी एकेक करून पुढं होऊन हात जोडायचे. धाकट्याचं लगीन लावू, काळजी नको. म्हातारीला अंतर देणार नाही. कावळा येईस्तोवर इतकी आश्वासनं दिली जातात की निवडणुकीतला उमेदवारही लाजावा.

शहाण्णव साली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, वर्गातली बाकीची मुलं विमानतळ नाहीतर म्युझियम काढत होती. प्राचीनं दशक्रियेची गर्दी घेतली. ती गावोगावच्या नदीकाठांवर जाऊन बसायची आणि कागदावर माणसांचे ठिपके काढायची. कोण कुठून येतं, कुठं टेकतं, कधी उठतं. पुण्याच्या सरांनी नाकं मुरडली. पण तिला जे दिसलं ते दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. माणसं आधी सावली धरतात, नाहीतर आपल्या गाडीजवळची जागा. उशिरा आलेला माणूस रिकामी जागा शोधत नाही, ओळखीचं तोंड शोधतो. आणि पिंड ठेवला रे ठेवला की सगळे उठून त्याच्याभोवती कडं करतात. प्रत्येकाला बघायचं असतं. कडं पुरं झालं की कावळा काही खाली उतरत नाही. माणसं कावळ्याला बोलवायला जमतात, आणि जमली म्हणूनच तो येत नाही. हे उमगलं त्या दिवशी ती वाळूत एकटीच मोठ्यानं हसली होती.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कावळा शिवला की आंघोळीला उतरणारे खाली येतात आणि घरी निघालेले वर, आणि एकाच पायवाटेवर दोघांची गाठ पडते. तिच्याच गावच्या गोजरबाईचं खुब्याचं हाड अशा रेटारेटीत मोडलं होतं. म्हातारी मग कायमची अंथरुणाला खिळली.

पुढं गावाला घाटासाठी निधी आला. संपत ग्रामपंचायतीत होता म्हणून काम पोरीला मिळालं, आणि पोरगी हुशार होती म्हणून ते नीट झालं. तिनं अर्ध्या चंद्रासारख्या पायऱ्या काढल्या. कुठंही बसा, पिंडाचा ओटा समोर दिसणार, त्यामुळं उठून कडं करायचं कारणच नाही. पायऱ्या गोलाईत असल्यानं माणसांना एकमेकांची तोंडंही दिसणार होती. दुःख एकट्याचं राहू नये, असं तिच्या मनात होतं. येण्याची वाट मधून, जाण्याची दोन्ही कडांनी, आणि त्या जाण्याच्या वाटांना छातीइतके उंच कठडे. एकदा माणूस त्यात शिरला की वरच जायचा, मागं फिरून कुणाला आडवा येणं शक्य नाही. आणि ओट्याच्या पलीकडची, नदीकडची बाजू तिनं अख्खी मोकळी ठेवली. खांब नाही, भिंत नाही, काही नाही. पलीकडच्या काठावर करंजाची झाडं होती, त्यांवर कावळे असत. ती त्यांची वाट होती.

काम करून घ्यायला ठेकेदाराचा इंजिनिअर यायचा, संघर्ष नावाचा, अवसरी बुद्रुकचा. त्याचे वडील भागुजी शाळामास्तर होऊन रिटायर झालेले. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि हे दहावं-तेरावं त्याच्या आजोबांनीच छप्पन साली सोडलेलं. नकाशावरची नदीकडची बाजू बघून तो म्हणाला होता, "म्हणजे स्लॅब एवढा पुढं नेला नाही, कशामुळं? तर कावळा!"

"हो."

"आमच्या घरात कळलं तर माझी दशक्रिया करतील."

"तुमच्यात करत नाहीत ना?"

"म्हणून तर म्हणतो, किती चिडतील बघ."

तो चेष्टा करायचा, पण काम एका सुताचं चुकू द्यायचा नाही. कडेचे कठडे त्यानं स्वतः उभं राहून ओतून घेतले. सळया बांधताना, काँक्रीटवर पाणी मारताना, करंजाखाली डबा खाताना त्या दोघांचं जे व्हायचं ते झालं. दोघंही सज्ञान, शिकलेले, मिळवते. आणि दोघांनाही हे गाव ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

नव्या घाटावरची पहिली दशक्रिया गोजरबाईचीच झाली. लोक आले, बसले, बसूनच राहिले. पिंड ठेवला आणि कावळा करंजावरून सरळ ओट्यावर उतरला. लोक म्हणाले, म्हातारी पुण्यवान. जाताना दोन्ही कडांनी गर्दी अशी सरसर वर गेली की कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. संपत त्या दिवशी उगाचच इकडून तिकडं फिरत होता, नवरदेवाच्या बापासारखा.

कौतुक केलं नाही ते फक्त तिच्या आईनं. सारजाबाईला हे काम पहिल्यापासून आवडलं नव्हतं. "पोरीच्या जातीनं मढ्याचं बांधकाम करावं व्हय? कोन स्थळ यील दारात?" असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची. ती घाट बघायलाही आली नाही.

नंतर दोन वर्षांनी गेणभाऊंना स्टेजचं सुचलं. गेणभाऊ म्हणजे गावचे पुढारी. त्यांच्या हाताशिवाय गावात मैलाचा दगडसुद्धा उभा राहत नसे. त्यांचं म्हणणं असं, की घाट झकास, पण श्रद्धांजलीला बोलणाऱ्याची पंचाईत होते. लोक गोलात, मग बोलणाऱ्यानं उभं राहायचं कुठं? सगळ्यांसमोर अशी एकच जागा होती, ओट्याच्या पलीकडं, नदीच्या बाजूला. तिथं त्यांनी पक्कं स्टेज बांधायला काढलं. वर पत्रा, मागं कमरेइतकी भिंत, भिंतीवर निधी देणाऱ्यांची नावं.

प्राची धावत गेली. "भाऊ, तिथं नको. ती बाजू मोकळीच पाहिजे. कावळा तिकडूनच येतो."

गेणभाऊ गालात हसले. "मॅडम, कावळा काय पुढाऱ्याला भितो व्हय? उलट दोगांचं काम येकच."

सगळी ग्रामपंचायत खो खो हसली. संपत खाली मान घालून बसला होता. तो हसला नाही, पण बोललाही नाही.

स्टेज झालं. त्यावर खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर माणसं आली, आणि पिंड ठेवल्यावरही ती जागची हलेनात, कारण तिथून फार छान दिसायचं. गर्दीचं कडं, जे प्राचीनं मोठ्या अकलेनं मोडलं होतं, ते पुन्हा पुरं झालं. कावळे करंजावर बसून राहू लागले. लोक तासतासभर ताटकळायचे. पण स्टेजकडं कुणी बोट दाखवलं नाही. गावात बोललं जायचं ते असं, की अलीकडं मेलेल्या माणसांच्या इच्छाच लई वाढल्यात.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी संपत तिला म्हणाला, चल घाटावर जाऊन येऊ. दोघं वरच्या पायरीवर बसली. खाली स्टेजच्या पत्र्यावर ऊन चमकत होतं.

"मी गप बसलो त्या दिशी," संपत म्हणाला. "बोलाय पायजे व्हतं."

"जाऊ द्या अण्णा."

मग नदीकडं बघत, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "त्यो अवसरीचा पोरगा. अजून येतो का फोन त्याचा?"

"येतो."

"उन्हात उभा ऱ्हाऊन काम करून घ्यायचा. म्या बगितलंय त्याला." त्यानं पायरीवरचं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. "मला काय आंधळा समजती काय गं तू? तुजं तू बग. मी आडवा येनार न्हाई. तुज्या आईला मी सांगतो. येवढा ऊस तुटून जाऊ दे."

प्राचीला रडू फुटलं. बापानं तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. ती घरी आली ती जमिनीवरून चालत नव्हती. तिनं लगेच संघर्षला फोन करून सगळं सांगितलं.

ऊस तुटून गेला. मग कांदा लागला. कांदा निघू दे, मग सांगतो, असं संपत म्हणाला. ग्रामपंचायतीत ताठ बसणारा माणूस, पण बायकोपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कांदा निघाला. तो घेऊन संपत मंचरच्या बाजारात गेला, तिथं गोण्या उतरवताना त्याच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. सारजाबाईला सांगायचं राहूनच गेलं.

सुतकात माणसांची रीघ लागली. प्राचीचा भाऊ ऋषी सुन्न होऊन बसलेला, चुलते कुशाबा सगळं बघत होते. एका दुपारी घरात दोघीच असताना प्राचीनं आईला सांगून टाकलं. संघर्षचं नाव, गाव, सगळं. आणि अण्णा हो म्हणाले होते, हेही.

सारजाबाई म्हणाली, "मेल्या मानसाच्या तोंडात खोटं घालू नगं, प्राचे. तुज्या बापानं मला न इचारता कधी येक बैल घेतला न्हाई."

"आई, ते सांगणारच होते तुला."

"गप. दिवस झाल्याबिगर ह्यो इषय नगं."

पण तिचं तिलाच पेललं नाही. संध्याकाळी तिनं दिराला सांगितलं. कुशाबानं भावकीत सांगितलं. दहाव्यापर्यंत ते सगळ्या गावाला माहीत झालं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

दहाव्याला घाट भरला. संपत चांगला माणूस होता, त्यामुळं गर्दी मनापासून आलेली होती. राजुरीचे पाहुणे आले, अवसरीचे आले. संघर्षही आला. तो डाव्या कडेला, जाण्याच्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. पायरीवर बसला असता, पण तो आला तसे शेजारचे दोघं सरकून बसले, आणि तो उभाच राहिला. प्राचीनं खालून ते पाहिलं. घाट गोल होता. त्यावर कुणाचं काहीच लपत नव्हतं.

भाषणं झाली. गेणभाऊंनी संपतला गावचा आधारवड म्हटलं. गुरुजींनी पिंड मांडला. ऋषी डोक्याचा चमकोट करून ओट्यापाशी हात जोडून बसला. सगळ्या माना वर झाल्या.

कावळे पलीकडं करंजावर होते. दिसत होते, ओरडत होते. मधे स्टेज होतं, आणि स्टेजवर खुर्च्या, आणि खुर्च्यांतून माणसं.

ऋषी म्हणाला, "अण्णा, आईला कधी अंतर देणार नाही." कावळा आला नाही. कुशाबा पुढं झाले. "दादा, बांधावरनं तुज्याशी भांडलो, चुकलो मी." नाही आला. ऋषीच्या बायकोनं हात जोडले, भावकीतल्या जावयांनी जोडले. ऊन चढलं. मागच्या पायऱ्यांवर चुळबुळ सुरू झाली. कुणाला बाराची एसटी होती, कुणाचं दुसऱ्या गावी लग्न होतं.

प्राची स्टेजपाशी गेली. "भाऊ, हात जोडते तुम्हाला. वरच्या सगळ्यांना थोडा वेळ खाली बोलवा. ही बाजू मोकळी झाली की तो येईल. इतकंच आहे."

"बाय," गेणभाऊ मायेनं म्हणाले, "आज तरी तुजी इंजिनेरी ठेव बाजूला. बाप गेलाय तुजा."

आणि तेवढ्यात मागून कुठूनतरी आवाज आला, "पोरीला पुडं घ्या की!"

कोण बोललं ते कळलं नाही. ते कधीच कळत नाही. प्राचीनं कितीतरी नदीकाठांवर हे पाहिलं होतं. गर्दीत पहिला बोलणारा कुणी नसतो, मग दुसरा बोलतो, आणि तिसऱ्या वेळी ते सगळ्यांचंच मत असतं. "व्हय, पोरीतच जीव अडकला असंल." "लाडकी व्हती." "तिनं बोलाय पायजे." अर्ध्या चंद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते वाक्य पायरीपायरीनं सरकत गेलं. आणि मग सगळी तोंडं तिच्याकडं वळली. तिनंच अशा पायऱ्या काढल्या होत्या की कुणाचंही तोंड कुणाच्या आड येऊ नये.

कुशाबानं तिला दंडाला धरून ओट्यापुढं आणलं. हळू आवाजात, पण धारदार, ते म्हणाले, "बोल. म्हन, लगीन आपल्यातच करीन. तुमच्या नावाला बट्टा लावनार न्हाई. येवढंच म्हन."

"नाना, अण्णांना माहीत होतं. ते हो म्हणाले होते मला. इथंच, त्या पायरीवर."

"येकटीला?"

"एकटीला."

"बरं," कुशाबा म्हणाले. "मंग कावळा का शिवंना?"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, एवढंच काय ते खरं, पण ते घाटावर, बापाच्या पिंडापुढं, नदीभर माणसांत कसं सांगायचं? आणि अण्णांचं काही अडकलंच असेल तर ते हेच असणार, की सारजेला सांगायचं राहिलं. तिला ओरडून ते सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात गेणभाऊ माइक घेऊन स्टेजवरून खाली उतरले. पोरगी काय बोलते ते सगळ्यांना ऐकू जायला हवं ना! ते उतरले तसे त्यांच्या मागचे उतरले. मग खुर्च्यांतले बाकीचेही. सगळ्यांना जवळून बघायचं होतं. ते येऊन प्राचीच्या मागं, बाजूला, दाटीनं उभे राहिले. आणि प्राचीला समोर दिसलं, स्टेज रिकामं झालं होतं. कित्येक महिन्यांनी नदीकडची बाजू मोकळी होती. भिंत होती, पण माणूस नव्हता.

आता तो येणार. काहीही बोललं नाही तरी येणार. फक्त गप्प राहायचं, थोडा वेळ, तो फांदी सोडेपर्यंत. मग कुणी काही म्हणू शकणार नाही. न बोलताच शिवला म्हणतील. कदाचित म्हणतील, संपतची पोरीवर काही नाराजी नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले आणि करंजाकडं नजर लावली. वरच्या फांदीवरचा एक कावळा मान तिरकी करून ओट्याकडं बघत होता. त्यानं पंख झाडले.

ये, ती मनात म्हणाली. ये रे बाबा.

सारजाबाईला कावळा दिसत नव्हता. तिला दिसत होती ती तोंड मिटून, दगडासारखी उभी राहिलेली आपली लेक. नवरा नदीवर ताटकळतोय आणि पोरगी हट्ट सोडत नाही, एवढंच तिला कळत होतं. बायकांच्या बाजूनं ती उठली, धडपडत पुढं आली, आणि सगळ्या गावासमोर, सोयऱ्यांसमोर, आईनं लेकीपुढं पदर पसरला.

"प्राचे, सोड गं त्यांना. तुज्या पाया पडते. लई वनवन केली त्यांनी जलमभर. आता तरी जाऊ दे."

ती खरंच वाकली. तिचा हात प्राचीच्या पावलांना लागला.

"हो," प्राची म्हणाली. "हो, आई, ऊठ. करीन. आपल्यातच करीन. ऊठ तू."

गेणभाऊंनी माइक पुढं धरलेलाच होता. 'आपल्यातच करीन' हे तिचं तिलाच वरच्या कर्ण्यातून ऐकू आलं. आणि कर्णा वाजून थांबतो न थांबतो तोच रिकाम्या स्टेजवरून, पत्र्याखालून, कावळा सरळ आत आला, ओट्यावर टेकला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्या घाटातून एकच हुंकार उठला. गुरुजींनी हात जोडले. बायका रडू लागल्या, आणि कुणीतरी "संपतदादा, मोकळा झालास रे!" म्हणून हंबरडा फोडला. कुशाबा डोळे पुसत होते. त्यात खोटं काहीही नव्हतं. तेच तर वाईट होतं.

आणि गर्दी उठली. सगळी एकदम, जशी कावळा शिवल्यावर उठते तशी. प्राचीनं वर पाहिलं. संघर्ष डाव्या वाटेच्या तोंडाशी होता. तो तिच्याकडं येऊ बघत होता, तिला काही म्हणत होता. ऐकू येत नव्हतं. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाटेत शिरली, मागून आणखी शिरली. त्यानं एकदा कठड्यावर हात टेकून अंग उचलायचा प्रयत्न केला. कठडा छातीइतका होता आणि मागून लोंढा होता. कुणी त्याला मुद्दाम ढकललं नाही. तो नुसता वर वर जात राहिला, मागं बघत, आणि मग माथ्यावर पोचून पलीकडं उतरला. त्या वाटेनं उलटं येता येत नव्हतं. तशीच तर काढली होती ती.

थोड्याच वेळात पायऱ्या रिकाम्या झाल्या. कुणाला धक्का लागला नाही, कुणी पडलं नाही. वर रस्त्यावर गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले, आणि त्यातली त्याची कुठली ते तिला ओळखू आलं नाही. मधली वाट आता मोकळी होती, पण तिच्यावरून कुणी खाली आलं नाही.

संध्याकाळी जाऊन त्याला गाठता आलं असतं. गर्दीत दिलेला शब्द, तोही असा, मोडायला किती वेळ लागतो? तिनं तसा विचार केला. पण कावळा शिवला होता. तिनं शब्द मोडला की आईच्या लेखी अण्णा पुन्हा येऊन या ओट्यापाशी बसणार होते, कायमचे, आणि आई जिवंत असेपर्यंत रोज त्यांना तिथं ताटकळताना बघणार होती. स्टेजवरून माणसं उतरली म्हणून तो आला, हे सांगून बघता आलं असतं. आईनं ते ऐकलं नसतं. ऐकावं तरी का? तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिच्याबरोबर पंचक्रोशीनं.

ओट्यावर कावळे आता चार-पाच झाले होते, निवांत खात होते. ऋषी आणि कुशाबा पाण्यात उतरले होते. सारजाबाई खालच्या पायरीवर बसली होती. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला होता. तिनं प्राचीला हातानं खूण करून जवळ बसवलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून ती हळूहळू सगळा घाट बघू लागली. गोल पायऱ्या, कडेच्या वाटा, वरचे कठडे. ती तो पहिल्यांदाच बघत होती.

"लई चांगला बांधलाईस गं पोरी," ती म्हणाली. "समद्यांला दिसलं."

प्राचीनं मान हलवली. मग ती उठली आणि आईला आधार देऊन पाण्याकडं घेऊन गेली.